उमेदवारी की वेठबिगारी?

'उमेदवारी' हा मराठीतील मोठा बोलका शब्द आहे. निवडणुकीच्या राजकारणाने तो आज आपल्याकडे ओढून घेतला असला, तरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला त्याचा दुसराच अर्थ ठाऊक होता. सराफाच्या पेढीवर, वैद्याच्या दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत किंवा छापखान्यात तरुण मुलगा पडेल ते काम करीत धंद्याची नस शिकत असे. त्याला उमेदवारी म्हणत. शब्दातच उमेद होती. शिकविणाऱ्याला शिष्याविषयी आणि शिकणाऱ्याला स्वतःच्या भवितव्याविषयी काही आशा असल्याखेरीज तो व्यवहार होत नसे.

आपल्या विद्यापीठांनी आता या उमेदवारीला 'इंटर्नशिप' आणि 'ऑन जॉब ट्रेनिंग' अशी नावे दिली आहेत, तिला श्रेयांक जोडले आहेत आणि ती अनिवार्य केली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतील पदवी वर्गांना ते लागू झाले. पुस्तकी विद्या आणि प्रत्यक्ष काम यांच्यातील दुरावा मिटावा, हा या तरतुदीमागील हेतू निर्विवादपणे योग्य आहे. कारकून घडविण्यासाठी आखलेल्या शिक्षणपद्धतीचा साचा स्वातंत्र्यानंतरही आपण जपून ठेवला. तो मोडण्याचा प्रयत्न होत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हेतू चांगला असला की अंमलबजावणीची चिकित्सा करू नये, असा नियम नाही. उलट, चांगल्या हेतूचे मातेरे होऊ नये म्हणूनच ती अधिक कठोरपणे केली पाहिजे.

तशी चिकित्सा केली तर काय दिसते? विद्यापीठ सक्ती करते, महाविद्यालय पत्र देते, आस्थापना फुकट काम करून घेते आणि या साऱ्याचा खर्च सोसतो तो एकटा विद्यार्थी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी या योजनेची आजची अवस्था आहे.

श्रेयांक विद्यापीठाचे, वणवण विद्यार्थ्याची

नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणच्या सीमेवर किनवट आहे. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेते आहे. अभ्यासक्रमानुसार पहिल्याच वर्षी तिने चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण पूर्ण करावयाचे आहे. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण एकशेवीस तास. कागदावर हा हिशेब सुटसुटीत दिसतो. पण हे एकशेवीस तास तिने कोठे भरावेत? महाविद्यालय तिच्या हाती 'ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना' अशा मायन्याचे पत्र देते आणि आपले कर्तव्य संपले असे मानते. पुढचा शोध तिचा, पुढची दारे तिची, पुढचे नकारही तिचेच.

तिने नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे ठरविले, तर खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांचा भार आधीच कर्जात असलेल्या घरावर पडतो. पुण्या-मुंबईचे तर नावच नको. सुटीच्या ज्या महिन्यांत ती एरवी शेतात किंवा दुकानात राबून पुढच्या सत्राच्या शुल्काची तजवीज करीत असे, तेच महिने आता बिनपगारी कामात जातात. म्हणजे तिचे नुकसान दुहेरी आहे. मिळकत बुडते आणि खर्च वाढतो.

याच वर्गात शिकणाऱ्या, शहरात वाढलेल्या मुलाचे मामा सनदी लेखापाल असतात किंवा वडिलांचा मित्र एखाद्या कंपनीत व्यवस्थापक असतो. एका दूरध्वनीवर त्याचे काम होते. त्याचा काही दोष नाही. दोष आहे तो विद्यापीठाचा, ज्याने ओळखीपाळखीला परीक्षेतील गुणांचा दर्जा दिला. चार श्रेयांकांची ही परीक्षा पूर्वतयारीची उरली नाही, ती घराण्याच्या संपर्कांची झाली. आरक्षण, शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत यांच्या आधाराने ज्या मुलांना आपण विद्यापीठाच्या दारापर्यंत आणले, त्यांनाच या दारातून पुन्हा बाहेर उभे केले जात आहे. समतेच्या आणि समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून करणाऱ्या प्रत्येकाने या विसंगतीचे उत्तर दिले पाहिजे.

जेथे सक्ती असते आणि सोय नसते, तेथे बाजार उभा राहतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. काहीशे रुपये भरले की घरबसल्या 'इंटर्नशिप पूर्ण केल्याचे' रंगीत प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत. कोणी ओळखीच्या झेरॉक्सवाल्याचा शिक्का आणतो, कोणी चुलत्याच्या दुकानाचे शीर्षपत्र वापरतो. महाविद्यालयाला हे ठाऊक असते, विद्यार्थ्याला ठाऊक असते, तपासनीसालाही ठाऊक असते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. ज्या तरतुदीने विद्यार्थ्याला प्रामाणिक श्रमाची गोडी लावावयाची, तीच त्याला त्याच्या पहिल्या व्यावसायिक कागदावर खोटी सही कशी मिळवावी हे शिकवीत असेल, तर त्याहून मोठा शैक्षणिक पराभव कोणता?

फुकट श्रमाचे तत्त्वज्ञान

विद्यावेतनाचा विषय काढला की उद्योगजगताकडून ठरावीक उत्तर येते. 'ही मुले आमच्याकडे कोरी येतात. त्यांना शिकविण्यात आमच्या माणसांचा वेळ जातो. वर पैसे आम्हीच द्यावयाचे?' हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. तो खरा मानावयाचा, तर ज्या आस्थापना खरोखर शिकवितात त्यांच्यापुरताच मानावा लागेल. परंतु विद्यार्थ्याकडून महिनाभर नोंदी भरून घ्यावयाच्या, फाइली लावून घ्यावयाच्या, ग्राहकांना दूरध्वनी करावयास बसवावयाचे आणि शेवटी 'आम्ही त्याला शिकविले' असे म्हणावयाचे, हा शिक्षणाचा नव्हे, श्रमचोरीचा प्रकार आहे. भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. विद्यार्थ्याचे हे काम कायद्याच्या अर्थाने वेठबिगारी ठरत नाही, हे मान्य. परंतु पदवी अडेल या भीतीने करावे लागणारे बिनमोल काम आणि वेठ यांच्यात नैतिक अंतर किती, याचा विचार शिक्षणतज्ज्ञांनी करावा.

शिकाऊ माणसाला मोबदला देता येत नाही, हा दावा आपल्याच देशातील व्यवहाराने खोटा ठरविला आहे. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारा विद्यार्थी 'आर्टिकलशिप' करतो. पूर्वी तिची मुदत तीन वर्षे होती, जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षे झाली. या काळातील किमान विद्यावेतन संस्थेच्या नियमांनीच ठरलेले असते. ते पुरेसे आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण ते द्यावयाचे की नाही यावर वाद नाही. वैद्यकीय पदवीधराला वर्षभराची आंतरवासिता करावी लागते आणि महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांत त्यासाठी विद्यावेतन मिळते. लेखापालाच्या कचेरीतील शिकाऊ मुलाच्या श्रमाला मोल आहे, रुग्णालयातील शिकाऊ डॉक्टरच्या श्रमाला मोल आहे. मग कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या लाखो मुलांचेच श्रम बिनमोल कसे?

कायदाही मुका नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीच्या पदवी-पदविकाधारकांपर्यंत आणि २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांच्या पदवीधरांपर्यंत पोहोचला. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे बंधन त्याखालील २०१९ च्या नियमांनी घातले. पदवीधर उमेदवारासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन याच नियमांनी ठरविले आणि या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र शासनाने स्वीकारला. म्हणजे शिकता शिकता कमावण्याचा मार्ग संसदेने मोकळा केलेला आहे. विद्यापीठांनी मात्र या राजमार्गाशेजारून 'श्रेयांकांची इंटर्नशिप' नावाची बिनपगारी पायवाट काढली. मोबदला न देता मनुष्यबळ मिळत असेल, तर कायद्याच्या चौकटीत शिरण्याची गरज कोणत्या आस्थापनेला वाटेल?

घोषणांचा पाऊस, शेत कोरडे

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पंतप्रधान इंटर्नशिप योजना घोषित केली. पाचशे आघाडीच्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना संधी देण्याचा तो संकल्प होता. दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये असे साहाय्य ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक टप्पा सुरू झाला. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सव्वा लाखाहून अधिक जागा दाखविल्या आणि सुमारे ८२,००० प्रस्ताव दिले गेले. प्रत्यक्षात रुजू झालेल्यांची संख्या नऊ हजारांच्याही आत राहिली. हे आकडे शासनानेच संसदेत दिलेले आहेत.

आपली मुले आळशी आहेत म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल तर ते अज्ञान ठरेल. घरापासून दूरच्या शहरात वर्षभर राहावयाचे, हाती पाच हजार रुपये, त्यात खोली आणि जेवण भागवावयाचे, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला विचारला असता तर तिने योजना जाहीर होण्यापूर्वीच सोडवून दाखविला असता. शिवाय, या टप्प्याच्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी योजनेच्या बाहेरच होता. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्येच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये देऊ केले. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढविली गेली. ती संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न याच प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर उतरून विचारावा लागला. दोन्ही योजनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या शिक्षणाबाहेर पडलेल्या तरुणासाठी आखल्या गेल्या. जो आज वर्गात बसला आहे आणि ज्याच्यावर विद्यापीठाने सक्ती केली आहे, तो मधल्या मधे अधांतरी आहे.

आधी शिकवा, मग पाठवा

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. विद्यार्थी कोरे येतात, या उद्योगांच्या तक्रारीत तथ्य असेल, तर त्यांना कोरे कोणी ठेवले? राज्यात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. त्यांपैकी असंख्य ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर राबणारे शिक्षक वर्ग ओढून नेत आहेत. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्याच्या पुढच्या आयुष्याची चिंता कोणत्या बळावर करावी?

बारावीपर्यंत मराठी माध्यमाच्या वातावरणात वाढलेला मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षी एकाएकी इंग्रजी ग्रंथांपुढे उभा राहतो. त्याला विषय अवघड जात नाही, भाषा अवघड जाते. पण आपण बुद्धीनेच कमी आहोत, असा त्याचा समज होतो आणि तो समज दूर करणारे कोणी नसते. मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार असली की मात्र कपाटातून फाइली निघतात. 'मेंटर' आणि 'मेंटी' यांच्या याद्या, मंदगतीने शिकणाऱ्यांसाठी घेतलेल्या जादा तासांच्या नोंदी, समुपदेशनाचे तक्ते, सारे काही सहीशिक्क्यानिशी तयार असते. आपला मार्गदर्शक कोण, हे त्या यादीतील विद्यार्थ्याला कित्येकदा समिती येण्याच्या आदल्या दिवशी कळते. ज्या महाविद्यालयाने आधाराचे तास कागदावर घेतले, त्याचे विद्यार्थी कार्यप्रशिक्षणाचे तासही कागदावरच भरणार. पेरले तेच उगवले.

आपल्याच मातीतील उत्तरे

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग नव्या शिक्षणाकडे वळला आणि त्यातून 'दक्षिणा फेलो' ही व्यवस्था निर्माण झाली. हुशार विद्यार्थ्याला वेतन मिळे आणि त्याने मागच्या वर्गांतील मुलांना शिकवावयाचे असे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. शिकणाऱ्याला कमाई आणि धाकट्याला आधार, ही दोन्ही कामे एका योजनेने साधली होती.

पुण्यात गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची चाल होती. आठवड्याचे सात वार, सात घरे, सात ताटे. तिच्यातील उणीवही झाकता कामा नये, कारण ही ताटे बहुतांशी एका जातीच्या मुलांपुरतीच वाढली जात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारून हे वर्तुळ मोडले. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. १९१९ मध्ये काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून 'कमवा आणि शिका' हा मंत्र उच्च शिक्षणात नेला. १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली आणि ग्रामीण भागातील हजारो मुलांना तिने निवारा, काम आणि मार्गदर्शन दिले. या सर्वांची साधने तोकडी होती. तरीही 'तुझे तू बघ' असे यांपैकी एकानेही विद्यार्थ्याला म्हटले नाही.

परदेशाचा दाखला हवाच असेल, तर कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ पाहावे. १९५७ मध्ये स्थापन झाल्यापासून त्याने शिक्षण आणि पगारी काम यांची सत्रे आलटून पालटून ठेवली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालविले. त्यात विद्यार्थी उद्योगात जातात, तेव्हा प्राध्यापकांची देखरेख त्यांच्याबरोबर जाते. काम शोधणे आणि त्यावर लक्ष ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, हे दोन्ही ठिकाणी गृहीतच धरलेले आहे. आमच्या विद्यापीठांनी परदेशी शब्द उचलले आणि त्यांच्यामागील जबाबदारी तेवढी सोडून दिली.

काय केले पाहिजे?

पहिली गोष्ट, ज्या विद्यार्थ्याला महाविद्यालय जागा मिळवून देऊ शकत नाही, त्याचे श्रेयांक अडविण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठाला नाही. सक्ती करावयाची तर सोय करावी. सोय होत नसेल तर सक्ती मागे घ्यावी.

दुसरी गोष्ट, प्रवास आणि भोजन यांचा खर्च भागेल एवढे विद्यावेतन दिल्याशिवाय कोणत्याही खासगी आस्थापनेला विद्यापीठाचा विद्यार्थी मिळू नये. दीर्घ मुदतीच्या पूर्णवेळ कामासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियमाचाच आधार घ्यावा. अशाने जागा कमी होतील, अशी भीती घातली जाईल. काही जागा निश्चित कमी होतील. परंतु ज्या जागेवर शिकविले जात नाही आणि मोबदलाही मिळत नाही, ती राहिली काय आणि गेली काय!

तिसरी गोष्ट, कामाच्या जागा शहराबाहेर शोधाव्यात. किनवटच्या मुलीला मुंबईच्या काचेच्या इमारतीत धाडण्याची गरज काय? तिच्या तालुक्यात पंचायत समिती आहे, पतपेढ्या आहेत, बाजार समिती आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, वनविभागाचे कार्यालय आहे. पतपेढीच्या थकबाकीचा अभ्यास, बाजारभावांच्या नोंदी, गावाच्या पाण्याचा ताळेबंद ही एकशेवीस तासांत करण्याजोगी आणि गावाच्या उपयोगाची कामे आहेत. विद्यावेतनाचा भार येथे शासनाने उचलावा.

चौथी गोष्ट, 'कमवा आणि शिका' योजनेतील मुलांना केवळ बागेला पाणी घालण्याच्या आणि कार्यालयातील गठ्ठे हलविण्याच्या कामात गुंतवू नये. श्रमाला कमीपणा नाही; पण पदव्युत्तर वर्गातील हुशार विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या मुलांना मराठीतून विषय समजावून सांगितला आणि त्याचे मानधन त्याला मिळाले, तर दक्षिणा फेलोंची परंपरा एका परिपत्रकाने पुन्हा सुरू होईल.

पाचवी गोष्ट, यासाठी नवी समिती नेमू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ तसेच विद्यार्थी विकास मंडळ प्रत्येक विद्यापीठाला दिलेच आहे. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांना या मंडळांनी स्वतः जागा मिळवून दिल्या, किती ठिकाणी विद्यावेतन मिळाले आणि किती ठिकाणी प्राध्यापक प्रत्यक्ष पाहणीला गेले, हे तीन प्रश्न अधिसभेच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे.

शेवटचे मागणे शासनाकडे नाही, विद्यापीठाकडेही नाही. ते या अंकाच्या वाचकांकडे आहे. आपल्यापैकी कोणी लेखापाल आहे, कोणी कारखानदार, कोणी डॉक्टर, कोणी पतपेढीचा संचालक. आपल्या पूर्वजांनी ऐपत बेताची असताना परक्याच्या मुलाला आठवड्याचा एक वार दिला. आपण जातपात न पाहता आपल्या कचेरीतील एक मेज, आठवड्यातील काही तास आणि सन्मानाने हाती ठेवता येईल एवढे विद्यावेतन एका विद्यार्थ्याला देऊ शकत नाही काय? देशातील विद्यापीठे-महाविद्यालयांत शिकणाऱ्यांची संख्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार ४ कोटी ३३ लाख होती. या संख्येला आपण राष्ट्राची शक्ती म्हणतो, आणि ते म्हणणे योग्यच आहे. पण ही शक्ती खोट्या प्रमाणपत्रावर सही घेण्यासाठी दारोदार फिरत असेल, तर त्याची लाज विद्यापीठाइतकीच समाजालाही वाटली पाहिजे. उमेदवाराला उमेद देण्याचे काम आपलेच आहे.